‘का’ का?

एक क, त्याला एक काना आणि पुढे प्रश्नचिन्ह. याहून छोटा प्रश्न मराठीत सापडणं कठीण. पण हाच ‘का’ गेलं वर्षभर माझं डोकं खातोय. सबमिशन्स, ओरल्स आणि मेसमधली रोजची वांग्याची भाजी यांतून वेळ काढून मी या एका अक्षराच्या मागे लागले आहे. त्याचा हिशेब आज या पानांवर मांडते. भाषाशास्त्र हा काही माझा विषय नाही, मी टी.ई. मेकॅनिकलची. तेव्हा सगळं आपल्या हॉस्टेलच्या भाषेतच सांगणार आहे, बरं का!

(त्या ‘बरं का’मधला ‘का’सुद्धा मोजून ठेवा. पुढे लागेल.)

मी कॉन्व्हेंटची. के.जी.पासून थेट दहावीपर्यंत. आमच्या शाळेत फाटकाच्या आत मराठी बोललं की दंड व्हायचा. वर्गात पुठ्ठ्याचा एक बिल्ला होता. मराठी बोलताना जी सापडेल तिच्या गळ्यात तो जायचा, तिने दुसरी कुणी पकडेपर्यंत तिथेच राहायचा, आणि शाळा सुटताना जिच्या गळ्यात असेल तिने दोन रुपये भरायचे. मधल्या सुट्टीत ठेच लागली तरी ‘आई गं’ म्हणायची चोरी! मराठी हा आठवड्यातून चार तासांचा विषय होता, बाकी वेळ ती दप्तरात ठेवायची. इंग्रजीचा मला राग नाही, उलट तिच्यामुळेच इथली जाडजूड पुस्तकं अंगावर येत नाहीत. पण शाळेने एक गोष्ट मनावर पक्की ठसवली होती, की इंग्रजी आणि मराठी या दोन वेगळ्या जगातल्या भाषा. त्यांची एकमेकींशी गाठ पडू द्यायची नाही.

आता इंग्रजीत साधा प्रश्न विचारायला काय लागतं आठवा. विधान घ्या, क्रियापद उचलून पुढे आणा, ते जमत नसेल तर कुठूनतरी ‘डू’ आणा, कर्ता तृतीयपुरुषी असेल तर ‘डझ’, भूतकाळ असेल तर ‘डिड’, आणि ‘डिड’ आला की मागचं क्रियापद पुन्हा सरळ करा. चौथीत आम्ही हे पानंच्या पानं घोटलं होतं. आणि त्याच वेळी घरी आजीला मी बिनदिक्कत विचारत होते, ‘आजी, येतेस का?’ वाक्य आहे तसंच, मागे फक्त ‘का’. यात काही व्याकरण असेल असं कधी मनातही आलं नाही. आपल्या भाषेचं व्याकरण आपल्याला दिसत नाही, चष्मा नाकावर असला की दिसत नाही तसं.

ते दिसलं जपानीच्या क्लासमध्ये. सेकंड इयरला कॉलेजात रविवारचा जपानीचा वर्ग सुरू झाला. पुण्याकडे ही टूम जुनी आहे. जपानी कंपन्या, तिथल्या नोकऱ्या, एन-फाइव्ह, एन-फोर अशा परीक्षा. दुसऱ्या की तिसऱ्या तासाला बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘इकिमास’, म्हणजे ‘जाते’. मग म्हणाल्या, प्रश्न करायचा असेल तर बाकी कशाला हात लावू नका, शेवटी ‘का’ लावा. ‘इकिमास का?’ जातेस का?

वर्गातल्या आम्ही मराठी मुली एकमेकींकडे बघायला लागलो. उत्तरेकडच्या मुलींना विशेष काही वाटलं नाही, कारण हिंदीत ‘क्या’ पुढे येतो आणि ‘का’ म्हणजे ‘चा’! पण आम्हाला मात्र कुणीतरी घरातलं भेटल्यासारखं झालं. शाळेत जी भाषा दप्तरात ठेवायची होती तिच्यामुळे मला पहिल्यांदाच कुठल्यातरी परीक्षेत फुकटचे मार्क मिळणार होते.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. जपानी माणूस समोरच्याचं बोलणं ऐकताना मधेमधे म्हणतो, ‘सोऽ देस का’. सूर खाली आणून. हा प्रश्न नाहीच, त्याला उत्तर नको असतं. आपण नाही का फोनवर म्हणत, ‘हो का!’, ‘असं का!’ अगदी तेच. शिवाय दोन गोष्टींतली एक निवडायची असेल तरी मधे ‘का’. जपानीत ‘ओचा का कोऽही’, आणि आपल्याकडे? ‘चहा का कॉफी?’ पुस्तकी मराठीत इथे ‘की’ लिहितात, पण टपरीवर कोण ‘की’ म्हणतं?

हे सगळं मी मेसच्या टेबलावर मोठ्या उत्साहाने सांगितलं, आणि तिथेच भांडणाला तोंड फुटलं.

आमच्या टेबलावर सिव्हिलची एक मैत्रीण असते. तिचं मत चुटकीसरशी तयार. ‘अगं, त्यात काय! सगळ्या भाषा आपल्याकडूनच गेल्या. जपानी म्हणजे मराठीची धाकटी बहीण.’ तिच्याकडे अशा गोष्टींचा साठा असतो. आणि खरं सांगू, ऐकायला छान वाटतं. कॉन्व्हेंटमध्ये दंड भरलेल्या मुलीला तर जरा जास्तच छान वाटतं. मेकॅनिकलवाल्यांना मात्र सवय असते, की दोन रीडिंग जुळली म्हणून नियम सापडला असं म्हणायचं नाही, आणखी रीडिंग घ्यायची. मी एक वही केली, आणि जी भेटेल तिला विचारत सुटले, ‘तुमच्या भाषेत का म्हणजे काय?’

पहिली रीडिंग जपानीतच मिळाली. तिथे ‘का’ म्हणजे डास! मच्छर. त्यामुळे ‘का देस का?’ याचा अर्थ ‘डास आहे का?’ असा होतो, आणि पावसाळ्यात आपल्या हॉस्टेलवर राहिलेल्या कुणालाही या वाक्याची गरज पटावी. आणखी एक ‘का’ आहे. जपानी विद्यापीठांत जुन्या पद्धतीने निकाल लागतो तेव्हा वरून खाली ‘यूऽ’, ‘र्‍योऽ’, ‘का’, ‘फुका’ असे दर्जे असतात. ‘का’ म्हणजे पास, ‘फुका’ म्हणजे नापास. फुकट गेलं ते फुका! (हा विनोद माझा, जपान्यांचा नव्हे.) डासाचा ‘का’ आणि पासाचा ‘का’ वेगवेगळ्या चिनी चिन्हांनी लिहितात. म्हणजे एकाच भाषेत ‘का’ची ही गर्दी. आवाज एक आणि माणसं चार, आपल्या कॉमन बाथरूमसारखं.

शिलाँगची माझी रूममेट खासी बोलते. तिला विचारलं तर ती हसायलाच लागली. तिच्या भाषेत ‘का’ शिवाय पान हलत नाही. स्त्रीलिंगी नामाच्या आधी ‘का’, पुल्लिंगी नामाच्या आधी ‘उ’, अनेकवचनाला ‘कि’. ‘ती’ या अर्थानेही ‘का’च. सूर्य म्हणजे ‘का स्ङी’ आणि चंद्र ‘उ ब्नाइ’; म्हणजे खासींचा सूर्य बाई आणि चंद्र बुवा. आपल्या चांदोमामाला तरी कुणी विचारलंय! आणि गंमत पाहा, पॅसिफिकच्या मधोमध हवाई बेटांवरच्या भाषेतही ‘का’ नामाआधीच येतो. तिथे तो इंग्रजीतल्या ‘द’चं काम करतो. सूर्याला ते ‘का ला’ म्हणतात, पण त्याच्या ‘का’त बाईमाणसाचा काही संबंध नाही. दोन्हीकडे सूर्याच्या दारात ‘का’ उभा, आणि दोघांची ओळखदेख नाही.

टांझानियाची एक मुलगी आमच्या वरच्या मजल्यावर राहते. तिची स्वाहिली. स्वाहिलीत गोष्ट सांगताना क्रियापदाच्या पोटात ‘का’ घालतात आणि त्याचा अर्थ होतो ‘आणि मग’. ‘आकासेमा’, म्हणजे ‘आणि मग तो म्हणाला’. आपली आजी गोष्ट सांगताना दर दोन वाक्यांनी म्हणते, ‘आणि बरं का...’ मी म्हटलं होतं ना, मोजून ठेवा म्हणून. पण हिचा खरा धक्का पुढे आहे. स्वाहिलीत ‘काका’ म्हणजे भाऊ, आणि ‘दादा’ म्हणजे बहीण! पहिल्याच आठवड्यात तिने आमच्या रेक्टरबाईंना आदराने ‘दादा’ म्हटलं होतं. त्याचा पूर्ण अर्थ मजल्यावर पसरायला दोन दिवस लागले. अजून काही मुली बाईंना पाठीमागे तेच म्हणतात, त्यात आदर किती आणि मराठी अर्थ किती ते मी लिहीत नाही.

तमिळ मैत्रिणीकडून ‘का’ नाही, त्याचा सख्खा भाऊ ‘काय’ मिळाला. तमिळमध्ये ‘काय’ म्हणजे कच्चं फळ, आणि भाजीही. मी मेसमध्ये रोज ओरडते, ‘आज काय?’ ती बिचारी वर्षभर समजत होती की ही मुलगी भाजीच्या फार प्रेमात आहे. तिच्याकडून आणखी एक सुंदर गोष्ट कळली. तमिळ मुलं भांडली की एकमेकांना ‘काय’ म्हणतात आणि पुन्हा गट्टी झाली की ‘पळम’. कच्चं फळ आणि पिकलेलं फळ. आपल्या कट्टी-बट्टीपेक्षा हे मला फार गोड वाटलं.

आणि शेवटी इजिप्त. हे लायब्ररीतून. प्राचीन इजिप्शियन लोक माणसातल्या प्राणशक्तीला ‘का’ म्हणत. निदान आजचे अभ्यासक तो शब्द तसा वाचतात, कारण त्यांच्या लिपीत स्वर लिहीत नसत. त्याचं चित्र म्हणजे कोपरात वाकवून वर उचललेले दोन हात. माणूस मेला तरी त्याचा ‘का’ उरतो आणि त्याला भूक लागते, म्हणून थडग्यात अन्न ठेवायचं. हे मी टेबलावर वाचून दाखवलं आणि सिव्हिलची मैत्रीण टाळी वाजवून उठलीच. ‘बघ! आपण दहाव्याला पिंड ठेवतो तो कुणासाठी? काकासाठी! काकस्पर्श! का आणि काक! आता बोल!’

कबूल करायला हवं, टेबल क्षणभर गार पडलं. मलाही अंगावर शहारा आला. मेलेल्याचं अन्न तिथेही, इथेही, आणि तोंडात तोच शब्द. पण कावळ्याला ‘काक’ म्हणतात ते तो ‘का का’ ओरडतो म्हणून. जपानी कावळाही जपान्यांना ‘काऽ काऽ’ असाच ऐकू येतो आणि इंग्रजी कावळा ‘कॉ’. हे शब्द कावळ्याने शिकवलेले आहेत, इजिप्तने नव्हे. डास, पास, ती, द, आणि मग, प्राण... एवढे अर्थ एका अक्षराला चिकटलेले असताना त्यातला एखादा आपल्या अर्थाजवळ येऊन बसला तर त्याला नातेवाईक कसं म्हणायचं?

इथे थोडं गणित करते. एम-थ्रीचा पेपर दिलेल्यांनी घाबरू नये.

समजा, प्रत्येक भाषेला विसेक छोटे कामाचे शब्द लागतात: मी, तू, हो, नाही, आणि, चा, ला, का वगैरे. समजा, छोट्या अक्षरांची एक पेटी आहे आणि तीत शंभर चिठ्ठ्या आहेत (जपानीत साधारण शंभरच अक्षरं आहेत, आपल्याकडे जास्त). प्रत्येक भाषा प्रत्येक कामासाठी डोळे मिटून एक चिठ्ठी काढते. दोन भाषांची एका कामाची चिठ्ठी न जुळण्याची शक्यता ०.९९. विसांपैकी एकही न जुळण्याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.८२. म्हणजे निदान एक तरी चिठ्ठी जुळण्याची शक्यता १८ टक्के. जगात सुमारे ७००० भाषा आहेत. त्यातल्या ६००० मराठीशी काडीचाही संबंध नसलेल्या धरल्या, तरी जवळजवळ ११०० भाषांत आपल्याला एखादा शब्द अगदी जुळलेला सापडेल. आणि चिठ्ठ्या सारख्या वजनाच्या नसतात. ‘क’ आणि ‘आ’ हे आवाज जगातल्या बहुतेक भाषांत आहेत, तेव्हा ‘का’ची चिठ्ठी निघण्याची शक्यता आणखी मोठी. गणित ओबडधोबड आहे हे मान्य, पण उत्तर कुठल्या बाजूला झुकतं ते कळतं. योगायोग झाला नसता तरच नवल.

याचं नामांकित उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. तिथल्या म्बाबारम नावाच्या आदिवासी भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत. इंग्रजांकडून घेतलेला शब्द नव्हे, त्यांचा स्वतःचा, शेजारच्या भाषांतल्या शब्दांवरून त्याची वाटचालही दाखवता येते. इंग्रजी ‘डॉग’शी संबंध शून्य.

मात्र ‘का’ वाक्याच्या शेवटी बसतो हा निव्वळ योगायोग नाही. मराठीत आणि जपानीत क्रियापद शेवटी येतं, आणि इंग्रजीत नामाआधी जे ‘टू’, ‘इन’ येतात ते आपल्याकडे नामाच्या मागे ‘ला’, ‘त’ होऊन येतात. जपानीतही तसंच. जोसेफ ग्रीनबर्ग नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६३ मध्ये जगभरच्या भाषा तपासून दाखवलं, की अशा भाषांत प्रश्नाचा शब्द असलाच तर तो बहुधा वाक्याच्या शेवटी जातो. तमिळमध्येही शेवटीच ‘आ’ लागतो, ‘वंदिया?’, आलीस का? म्हणजे खुर्ची रचनेने ठरवलेली, तिच्यावर कोण बसणार ते नशिबाने. आणि दोन्हीकडे ‘का’ बसला तरी वागणूक सारखी नाही. जपानीत ‘ताबेमासेन का?’ म्हणजे शब्दशः ‘खात नाही का?’, पण ते आग्रहाचं आमंत्रण आहे. माझ्या आजीने ‘खात नाहीस का?’ विचारलं तर ते आमंत्रण नसतं, ती चौकशी असते आणि पाठोपाठ मेसचा उद्धार असतो.

आता वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान. हे शोधताना मी मराठी ‘का’चं मूळ बघायला गेले, आणि जपान राहिला बाजूला, थेट माझ्या कॉन्व्हेंटच्या फाटकाशी जाऊन पोचले.

आपले प्रश्न बघा: कोण, काय, कुठे, केव्हा, कसा, किती, का. सगळे ‘क’चे. संस्कृतात कः, किम्, कुत्र, कदा, कति. (ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ‘कुठल्या देवाला?’ असं पुन्हा पुन्हा विचारणारं एक सूक्त आहे. पुढच्यांनी त्या ‘क’लाच प्रजापतीचं नाव करून टाकलं. प्रश्नाचाच देव!) लॅटिनमध्ये ‘क्विस’, ‘क्विद’. लिथुआनियनमध्ये ‘कास’. फ्रेंचमध्ये ‘की’ म्हणजे कोण. आणि इंग्रजीत? हू, व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय. इथे ‘क’ कुठेच नाही. पण सगळ्यांच्या सुरुवातीला तेच एक ‘डब्ल्यू-एच’ आहे.

सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात. १८२२ मध्ये जर्मन याकोब ग्रिम यांनी (हो, परीकथावाले ग्रिम बंधू, त्यांतलेच थोरले) आवाज कसे बदलले याचे नियम मांडले. इंग्रजीच्या पूर्वजांत जुना ‘प’ ‘फ’ झाला, म्हणून पाद तिथे ‘फूट’. ‘त’चा ‘थ’ झाला, म्हणून त्रि तिथे ‘थ्री’. आणि ‘क’चा ‘ह’ झाला. लॅटिन ‘कोर्नू’, इंग्रजी ‘हॉर्न’. जुना ‘क्व’ असा ‘ह्व’ झाला. हजार वर्षांपूर्वीचे इंग्रज ‘ह्वॅत’ म्हणत. पुढे स्पेलिंग उलटलं, ‘ह’ गिळला गेला, आणि उरलं ‘वॉट’. शाळेत आमची टीचर दर तासाला ओरडायची, ‘नॉट व्हॉट, से वॉट!’ स्कॉटलंड-आयर्लंडकडचे काही लोक अजून तो ‘ह’ म्हणतात. आपला ‘व्ह’ अर्थात स्पेलिंग वाचून आलेला, त्यात इतिहास काही नाही. पण चौथीत मला हे ठाऊक असतं तर टीचरना एक तरी प्रश्न विचारला असता.

म्हणजे बघा कसं आहे. जपानी ‘का’ आणि मराठी ‘का’ आवाजाने एक, कामाने एक, जागेने एक, आणि नातं काही नाही. इंग्रजी ‘व्हाय’ आणि मराठी ‘का’ यांत ऐकायला एकही आवाज सारखा नाही, आणि ते एकाच घरातले! नात्याचा पुरावा आवाज जुळण्यात नसतो, फरक नियमाने पडण्यात असतो. एकदा ‘क’ जागी ‘ह’ येऊन चालत नाही, तो शब्दामागून शब्दांत तसाच यायला लागतो. मराठी-जपानीत असा एक नियम दाखव, मी तुझ्या वाटणीची भांडी घासते, असं मी सिव्हिलवालीला सांगून ठेवलंय. अजून तरी भांडी तीच घासते आहे.

एकाच शब्दात दोन्ही प्रकार हवे असतील तर ‘बदनाम’ घ्या. इंग्रजीत ‘बॅड नेम’. यातलं ‘नाम’ आणि ‘नेम’ खरे भाऊबंद. पण फारसीतून आपल्याकडे आलेला ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. अर्धा शब्द घरचा आणि अर्धा शब्द चेहरा जुळलेला परका.

आणि टपरीवरच्या त्या वाक्याचं काय? ‘चहा का कॉफी’, ‘ओचा का कोऽही’. ‘चहा’ आणि ‘ओचा’मधला ‘चा’ मुळात चीनचा, दोघांनीही घेतलेला. ‘कॉफी’ आपल्याकडे इंग्रजांनी आणली, जपानात डचांनी. मागे गेलं तर दोन्ही अरबांच्या ‘कहवा’पाशी पोचतात. म्हणजे पहिला आणि तिसरा शब्द व्यापाऱ्यांच्या सामानातून आले, आणि मधला ‘का’ आपापल्या घरचा. तीन शब्द जुळतात, पण जुळण्याचं कारण एक नाही. असे उसने शब्द आपल्याकडे घरोघर आहेत; कर्नाटकाला लागून असलेल्या मुलखातली आपली ‘अक्का’ही कानडीकडूनच आली, आणि इतकी घरची झाली की तिला कुणी परकी म्हणत नाही.

सिव्हिलच्या मैत्रिणीला मी पूर्ण हरवलं असं मात्र नाही. तिच्या बाजूची एक गोष्ट मीच तिला नेऊन दिली, कारण ती खरी आहे. जपानी अक्षरमाला आ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते, आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. पूर्वी त्या ‘हा’च्या जागी ‘पा’ होता. आता म्हणून बघा: क, त, न, प, म, य, र, व. आपलीच बाराखडी! बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् लिपी आणि संस्कृतचा अभ्यास चीनमार्गे जपानात गेला, आणि अक्षरं लावण्याची ही रीत तिथे राहिली. म्हणजे ‘का’ हा शब्द आपल्याकडून गेलेला नाही, पण व्यंजनांत ‘का’चा नंबर पहिला, हे आपल्याकडून गेलंय. ती त्या दिवशी इतकी खूश झाली की तिने स्वतःहून सगळ्यांना ‘ओचा’ पाजला.

आजीला हे सगळं फोनवर सांगितलं. आजी कऱ्हाडला असते. शाळा सातवीपर्यंत. तिच्या पत्रांत अजून ‘कां’ असतो, डोक्यावर टिंब देऊन, कारण १९६२ चे नवे नियम येण्याआधीच ती लिहायला शिकली होती. रोजचा पहिला प्रश्न ‘जेवलीस का?’, दुसरा ‘काय होतं?’. मी म्हटलं, आजी, तुझा ‘का’ आणि इंग्रजांचा ‘व्हाय’ एकाच घरातले आहेत.

‘सख्खे?’

‘चुलत. लांबचे चुलत.’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मग शाळेत दोन-दोन रुपये कसले घेत होते गं तुझ्याकडून? चुलत बहिणीशी बोललीस म्हणून?’

वहीत आजवर अकरा ‘का’ जमले आहेत. तेलुगू, नेपाळी आणि मणिपुरी यांची पानं कोरी आहेत, आणि बॉइज हॉस्टेलवर अरबी बोलणारे कुणी आहेत असं ऐकते. मेसच्या दारात खिळ्याला वही टांगून ठेवली आहे, सोबत दोरीला पेन आहे. येता-जाता लिहा. पेन घेऊन जाऊ नका, हे तिसरं आहे.